सगुणाक्काचा उलटा पाळणा

"तमाम ग्रामस्थ, माहेरवाशिणी, जावईबापू, नव्या सोसायट्यांमधले फ्लॅटधारक, आणि भर रस्त्यात टेम्पो आडवा लावून उसाचा रस प्यायला गेलेला जो कोणी इसम असेल तो! सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की सगुणाक्काचा पाळणा याही वर्षी उलटाच फिरणार आहे. ज्यांना हे बघवत नसेल त्यांनी डोळे मिटावेत. ज्यांना डोळे मिटल्यावर चक्कर येत असेल त्यांनी घरी बसावे. हुकमावरून."

आमच्या भैरवनाथाच्या जत्रेत ही घोषणा मी दर वर्षी करतो. मी गावचा माईकवाला. हरवलेली पोरं, सापडलेल्या चपला, कुस्त्यांचे निकाल, सगळं माझ्या तोंडून जातं. पण वरचा मजकूर माझा नाही. तो सगुणाक्काने मला पहिल्यांदा सांगितला, तेव्हा मी विचारलं होतं, "अक्का, हुकमावरून म्हणजे कुणाच्या? लोक विचारतील."

"माज्या," अक्का म्हणाली. "आनि कुनाचा हुकूम चालतोय हितं?"

भूगावच्या पुढे आणि पौडच्या अलीकडे आमचं गाव. आता तिथे बिल्डरांच्या पाट्या जास्त आणि शेतं कमी. पण चैत्रातली जत्रा टिकून आहे, आणि जत्रेत देवळासमोर, पिंपळाच्या डाव्या हाताला, लाकडी घोड्यांचा गोल पाळणा टिकून आहे. सोसायटीतली मुलं त्याला मेरी-गो-राउंड म्हणतात. अक्काला हे नाव मुळीच आवडत नसे. "मेरी का म्हून? माजा हाय त्यो," असं ती म्हणायची.

पाळण्याला मोटर नाही, दिव्यांच्या माळा नाहीत, गाणी नाहीत. मधे एक सागाचा जाड खांब, कमरेइतक्या खड्ड्यात पुरलेला. खांबाच्या डोक्यावर लोखंडी बेअरिंग, त्यातून फुटलेल्या आडव्या दांड्या, आणि दांड्यांना सळयांनी टांगलेले आठ घोडे. खांबाभोवती छातीच्या उंचीवर आणखी दांड्या असतात. माणसांनी त्यांना रेटायचं आणि गोल चालायचं, म्हणजे घोडे पळतात.

घोडे केले अक्काच्या सासऱ्याने. तो सुतार होता. तरुणपणी पुण्यातल्या कुठल्याशा प्रदर्शनात त्याने असा पाळणा पाहिला, आणि घरी येऊन आठवणीतून करायला घेतला. आठवण बऱ्यापैकी होती. घोड्यांचे पाय जमले, शेपट्या जमल्या, दोन घोड्यांची तोंडं मात्र बोकडाची झाली. शिवाय त्याने घोड्यांची बाहेरची बाजू तेवढीच सजवली. आयाळीत आरशांचे तुकडे, गळ्यात घुंगरं, पाठीवर लाल-निळ्या फुलांचं खोगीर. आतली, खांबाकडची बाजू नुसतं रंधा मारलेलं लाकूड. तिकडे डोळासुद्धा नाही. आठही घोडे एकेका डोळ्याचे. तिकडून बघतंय कोण, असा त्याचा हिशेब.

आठही घोड्यांची सजवलेली बाजू उजवी. म्हणजे ती बाजू बाहेर ठेवायची तर घोडे एकाच दिशेने पळणार, आणि ती दिशा देवळातल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. हे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा आठवा घोडा रंगवून वाळत पडला होता. चूक झाली असं म्हणायची त्या घराण्यात पद्धत नव्हती. "घोडी अशीच पळत्यात," म्हातारा म्हणाला, आणि मेला तोवर म्हणत राहिला. मग अक्काच्या नवऱ्याने तेच म्हटलं. तो गेल्यावर सगुणाक्काने म्हटलं, आणि तिचा आवाज दोघांच्या मिळून दुप्पट होता.

अक्का ठेंगणी होती. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, आणि त्या पदरावर बेअरिंगच्या वंगणाचे काळे डाग. सकाळी पहिलं काम म्हणजे खांबाला कान लावणं. आपण दाराला कान लावून शेजारच्यांचं भांडण ऐकतो तशी ती डोळे बारीक करून ऐकायची. मग म्हणायची, "आज कुरकूर करतंय. त्याला तेल पायजे आन् मला च्या."

पाळण्यावर बसायचे नियम होते. मान ताठ. घोड्यावर बसलेल्याने जमिनीकडे बघायचं नाही. मोबाईल आई-बापाकडे द्यायचा. मुलगा रडला तर पाळणा लगेच थांबवायचा, पण रडणाऱ्याला तिने कधी उतरवलं नाही. त्याच्याजवळ जाऊन विचारायची, "उतरायचंय का रडायचंय?" बहुतेक मुलं विचार करून सांगत, की रडायचंय. "मंग रड की बसून," असं म्हणून ती पाळणा पुन्हा सुरू करायची.

सगळ्यात महत्त्वाचा नियम होता प्रश्नाचा. पाळणा हलण्याआधी अक्का एकेका घोड्यापाशी थांबून विचारायची, "कुटं चाललास?" गावाचं नाव सांगितल्याशिवाय फेरा सुरू व्हायचा नाही. मामाच्या गावाला, मुंबईला, जेजुरीला, काहीही चालायचं. आयटीवाल्यांची मुलं आली तशी ऑस्ट्रेलिया आणि टेक्सासही येऊ लागलं. मारुंजीहून आलेला एक लहानगा म्हणाला, "पार्किंगमध्ये." अक्काने मान डोलावली. "जा. जागा मिळाली तर मला बी सांग."

घोड्यांना नावं होती, आणि ती ज्याच्या त्याच्या कर्तबगारीवर ठरत. अक्काला जो आडवा जाई त्याच्या हुद्द्याचा एक घोडा होई. तलाठ्याने उताऱ्यासाठी हेलपाटे घालायला लावले, बोकडतोंड्या घोडा 'तलाठी' झाला. वीज तोडणाऱ्याचा 'वायरमन'. जमिनीला कुंपण घालणाऱ्याचा 'बिल्डर'. भर जत्रेत अक्का ओरडायची, "अगं ए, पोराला तलाठ्यावर बशिव, तलाठी मोकळाच हाय!" किंवा, "वायरमनची शेपटी ढिली झालीया, खिळा आना!" खरा वायरमन बाजूलाच कुल्फी खात उभा असायचा. पण नाव काढून टाक असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट बदली होऊन गेलेला एक ग्रामसेवक दोन वर्षांनी बायको-मुलांना घेऊन मुद्दाम जत्रेला आला आणि स्वतःचा घोडा दाखवून गेला.

सगळ्यात पुढचा, उंच, पांढरा घोडा होता 'अध्यक्ष'. हा आमचे जत्रा कमिटीचे अध्यक्ष दत्तोबा यांच्या वाट्याचा. दत्तोबा म्हणजे पांढरी टोपी, पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा. सगुणाक्का आणि दत्तोबा यांचं वैर जत्रेतल्या पहिल्या फेऱ्यावरून. म्हणून आधी तो पहिला फेरा सांगायला हवा.

आमच्याकडे जत्रेला लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, आणि त्यांच्या मागून पिशव्या धरून जावई येतात. एका वर्षी अशीच एक नवी लेक पाळण्यापाशी उभी राहून घोड्यांकडे बघत होती. लहानपणी जत्राभर इथेच असायची ती. नवरा म्हणाला, "चल गं, लोकं काय म्हणतील. घोड्यावर बसायचं वय आहे का हे?"

अक्का खांबाला तेल देत होती. तिने तेलाचा डबा खाली ठेवला.

"जावईबापू, लगीन झालं तवा तुमी वरातीत कशावर बसला व्हता?"

"घोड्यावर."

"वय किती व्हतं?"

जावयाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुमी घोड्यावर आन् आमची पोरगी खाली, मानसाच्या गर्दीत, धूळ खात. माज्या हितं उलटं असतं. ही बसंल घोड्यावर. तुमी रेटा."

बायकांमध्ये हशा पिकला. त्या हशात जावयाने बायकोची पिशवी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि दांडी धरली. दुसऱ्या वर्षी आठ लेकी रांगेत उभ्या होत्या. तेव्हापासून आमच्या जत्रेचा पहिला फेरा माहेरवाशिणींचा. त्या जरीच्या साड्या सावरून घोड्यांवर बसतात, माना ताठ ठेवतात, आणि आत त्यांचे नवरे घाम गाळत पाळणा रेटतात. लांब माहेर असलेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायकाही पुढे येऊ लागल्या. नागपूरची एक बाई संकोचून म्हणाली, "मी इथली नाही ना." अक्का म्हणाली, "माहेर लांब हाय? मंग आजच्या दिस हितलं. चढ. नवरा कुटं लपलाय त्यो बोलीव."

आता दत्तोबा. दत्तोबांना हा फेरा पसंत नव्हता, पण गावच्या लेकींना अडवायची हिंमत कोणात असणार? म्हणून त्यांनी पाळण्याची दिशा धरली. कमिटीच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "देवाच्या दारात उलटा फेरा. प्रदक्षिणा ज्या अंगानं घालत्यात त्याच्या उलट. ह्यानं गावाला बाधा हुती. औंदा पाणी कमी पडलं ते कशानं?"

"तुमी टँकर इकलं त्यानं," कोणीतरी मागून म्हणालं. पण दत्तोबांनी ते ऐकलं नाही. ठराव झाला. पाळणा प्रदक्षिणेच्या दिशेने फिरवावा, नाहीतर जत्रेत लावू नये.

मला वाटलं, आता अक्का आभाळ डोक्यावर घेणार. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

एकाने मार्ग सुचवला. "अक्का, घोडी काडून उलटी टांग की. तोंडं तिकडं कर."

"म्हंजी आरसं, घुंगरं खांबाकडं आन् उघडं लाकूड लोकांकडं? आत डोळाबी न्हाई त्यांना. आंधळी घोडी फिरवू व्हय देवाम्होरं?" ती म्हणाली. "घोडी हायेत तशीच ऱ्हातील. तुमी म्हनता त्या अंगानं फिरवते की मी. माजी ना न्हाई. फकस्त पहिल्यांदा कमिटी बसंल. तुमीच ठराव केला, तुमीच फळ घ्या."

जत्रेच्या दिवशी सकाळी कमिटी बसली. गावाने असं दृश्य त्याआधी पाहिलं नव्हतं. आठ घोड्यांवर आठ प्रतिष्ठित माणसं, सगळ्यांच्या टोप्या कडक, आणि पुढे पांढऱ्या 'अध्यक्षा'वर खुद्द अध्यक्ष. मी माईकवरून नावं पुकारली. अक्का प्रत्येकापाशी गेली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "कुटं चाललात?" कोणी पंढरपूर सांगितलं, कोणी तुळजापूर. दत्तोबा म्हणाले, "चालव गं लवकर, चेष्टा करू नको."

"चालव गावाला," अक्का मोठ्याने म्हणाली. "अध्यक्ष चालव गावाला चालल्यात. रेटा!"

पाळणा प्रदक्षिणेच्या दिशेने फिरला. घोड्यांची तोंडं आपल्या जागी होती. त्यामुळे आठही घोडे, कमिटीसकट, पार्श्वभाग पुढे करून मागे मागे पळू लागले. दुसऱ्या वेढ्याला खजिनदाराने घोड्याच्या मानेला मिठी मारली. तिसऱ्याला दत्तोबांची टोपी उडाली आणि पुढल्या वेढ्याला त्यांच्याच घोड्याखालून गेली. अक्का ओरडत होती, "मान ताठ! खाली बघायचं न्हाई! अध्यक्ष, चालव आलं का?"

पाळणा थांबला तेव्हा दत्तोबा उतरून देवळाच्या दिशेने म्हणून निघाले आणि थेट रसवंतीच्या चरकावर जाऊन आपटले. आमचा गुरव दारात उभा होता. त्याने फार विचार करून निकाल दिला. "पाय परदक्षिना घालत्यात, आन् तोंडं भलतीकडं. देवानं नमस्कार कुनाचा घ्यायचा? त्यापरीस हुतं तेच बरं."

ठराव बारगळला. पण दत्तोबा विसरले नाहीत.

त्या काळात मला मोबाईलवर वाचत बसायची नवी सवय लागली होती. एकदा चहाच्या टपरीवर मी अक्काला या पाळण्यांची जुनी हकिगत वाचून दाखवली. फार पूर्वी परदेशात सरदार लोक घोडदौडीचे खेळ खेळत. भरधाव घोड्यावरून जाताना टांगलेलं कडं भाल्याच्या टोकाने उचलायचं. त्याच्या सरावासाठी लाकडी घोडे करून खांबाला जोडले आणि नोकरांकडून गोल फिरवून घेतले. पुढे सरदार गेले, लढाया गेल्या, पोरं येऊन त्या घोड्यांवर बसली. मग वाफेची इंजिनं आली, आरसे आले, बाजा आला.

अक्का बशी हातात धरून ऐकत होती. "म्हंजी ही लढाईची वस्तू हाय," ती म्हणाली.

"तशी म्हटलं तर."

"म्हून. मला वाटायचंच. घोड्यावर बसलं की पोरांची मान आपसूक वर का हुती."

मग मी तिला गंमत सांगितली, की दिशेवरून तिकडेही दोन तट आहेत. इंग्लंडातले पाळणे बहुधा एका अंगाने फिरतात, आणि बाकी युरोप, अमेरिका दुसऱ्या.

"आपल्या अंगानं कोन फिरतंय?"

"अमेरिका वगैरे. इंग्लंडातले प्रदक्षिणेच्या अंगाने."

अक्काने बशी खाली ठेवली आणि टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बगा, इंग्रज तेवढा दत्तोबाच्या बाजूनं! बाकी दुनिया माज्याकडं हाय!"

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावात पोचलं. पुढे कितीतरी दिवस दत्तोबा रस्त्याने निघाले की पोरं बुटांच्या टाचा जुळवून सलाम ठोकत.

खरी लढाई नंतर आली. देवळासमोरचं निम्मं मैदान बिल्डरच्या कुंपणात गेलं. उरलेल्या जागेवर कमिटीने एका ठेकेदाराला बोलावलं. त्याचे पाळणे विजेवरचे. हवेत फेकणारी होडी, झोके देणारा ड्रॅगन, फुगवलेला किल्ला, आणि एक प्लॅस्टिकच्या घोड्यांचा पाळणाही, दिवे लावलेला. ठेकेदाराची अट होती, सगळी जागा आपल्याला हवी. दत्तोबांनी ती आनंदाने मान्य केली. अक्काला निरोप गेला, की यंदा पाळणा आणू नये, आणि खांबाचा खड्डा बुजवण्यात येईल.

तो खड्डा तिच्या सासऱ्याने खणलेला. आतून दगडांनी बांधलेला, वर्षभर फळीने झाकलेला. जत्रा आली की फळी उचलायची आणि खांब उभा करायचा. तो बुजला की पाळणा संपला, हे अक्काला माहीत होतं आणि दत्तोबांनाही. तेव्हा अक्काची तब्येत उतरलेली होती. दम लागायचा, पायांवर सूज असायची. गावात बहुतेकांना वाटलं, म्हातारी आता ऐकेल. काही जण तर समजूत घालायला गेले. "अक्का, आता मोटरीचा जमाना आलाय. हातानं किती दिस रेटायचं?"

"मोटरीला दम लागतोय का?" अक्काने विचारलं.

"न्हाई."

"मंग तिला कसं कळनार, कुटं थांबायचं?"

जत्रेच्या आदल्या सकाळी ठेकेदाराचे ट्रक आले. मैदानात मुरमाचा ढीग पडला. फावडेवाले खड्ड्यापाशी गेले आणि थबकले. फळी बाजूला काढलेली होती आणि खड्ड्यात सगुणाक्का उभी होती. कमरेपर्यंत जमिनीत, कमरेपासून वर जमिनीबाहेर. समोर जमिनीवर भाकरीचं फडकं सोडलेलं. कांदा हाताने फोडून ती सावकाश जेवत होती.

मी तिथे पोचलो तोवर अर्धं गाव जमलं होतं. दत्तोबा आले. "अक्का, भायेर ये."

"कशापायी?"

"खड्डा बुजवायचाय."

"बुजवा की. मी कुटं न्हाई म्हनते?"

ठेकेदार हिंदीत म्हणाला, "अम्मा, खंबा तो है नहीं, गड्ढे में क्यों खड़ी हो?"

अक्काने भाकरीचा घास संपवला. हात झटकले. दोन्ही हात आडवे पसरले, पाळण्याच्या दांड्यांसारखे.

"खांब न्हाई तर न्हाई. मीच खांब हाय. काय फिरवायचं ते फिरवा माज्याभवती. फकस्त उलटं फिरवा."

मुरूम टाकायला कोणीही पुढे होईना. खड्ड्यात उभ्या असलेल्या बाईला बाहेर कसं काढायचं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. ओढायचं तर हात धरावा लागणार, आणि तिच्या हाताला हात लावायची त्या मैदानात एकाचीही छाती नव्हती. ऊन चढलं. कोणीतरी छत्री आणली. अक्काने ती दत्तोबांकडे देववली. "त्यास्नी द्या. त्यांची टोपी उडती."

दुपारी एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून दत्तोबांची थोरली मुलगी उतरली, शालन. नुकतीच मारुंजीला दिलेली. मागून नवरा, हिंजवडीत नोकरी करणारा, हातात पिशव्या, नव्या जावयाचा तो घाबरलेला हसरा चेहरा. शालनने गर्दी बघितली, खड्डा बघितला, मग वडिलांकडे बघितलं.

"बाबा, उद्या माजा पहिला फेरा हाय."

"अगं, आता नवीन पाळणं आल्यात, दिव्याचं. त्यात बस की."

"त्यो फिरतोय आपआपला. ह्यांनी काय रेटायचं मग?" तिने नवऱ्याकडे बोट केलं. "सासूबाईस्नी सांगून आलेय मी, आमच्यात लेक घोड्यावर बसती आन् जावई रेटतो. पाळना न्हाई तर ही रिक्षा थांबलीया. मी निघाले माघारी."

नवी लेक पहिल्या जत्रेला माहेराच्या वेशीवरून माघारी जाणार! गर्दीतल्या सगळ्या बायका दत्तोबांकडे बघायला लागल्या. त्यांत त्यांची बायको होती, बहीण होती, आणि त्यांची आई, जी सहसा कोणाकडे बघत नसे. दत्तोबांनी मिशांवरून हात फिरवला, ठेकेदाराला बाजूला घेतलं, आणि फुगवलेला किल्ला बसस्टॉपकडे हलला.

त्या वर्षीचा पहिला फेरा अक्काचा शेवटचा ठरला. पावसाळा लागता लागता ती गेली. त्यामुळे तिची आठवण काढली की माझ्या डोळ्यांपुढे तोच फेरा येतो.

खांब उभा राहिला होता. अक्काने खांबाला कान लावला होता, पण टेकून, बराच वेळ. मग तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. लेकी रांगेत उभ्या, जावई दांड्यांपाशी. सात घोड्यांवर सात जणी चढल्या. पुढचा 'अध्यक्ष' मोकळाच राहिला. तो शालनचा होता, पण शालन चढेना.

"चढ की गं," अक्का म्हणाली.

"आधी तू."

"मी हितली सून. सुनेला फेरा नसतोय."

हे तिचं जुनं उत्तर. स्वतःच्या पाळण्यावर ती जन्मात बसली नव्हती. विचारलं की हेच सांगायची.

"मग आज उलटं," शालन म्हणाली.

अक्काने खुर्चीचे हात सोडले. दोघातिघींनी तिला उचलून 'अध्यक्षा'वर बसवलं. सुजलेले पाय रिकिबीत मावेनात, तेव्हा शालनने ते फडक्याने हलकेच बांधले आणि ती घोड्याला धरून बाजूला उभी राहिली. अक्काची मान मात्र कोणी सांगायच्या आत ताठ झाली होती.

नेमकं तेव्हा दत्तोबांनी माझ्या हातातला माईक घेतला. अध्यक्षीय दोन शब्द बोलायची त्यांची प्रथा आहे. पण सगळे थांबले होते आणि पाळणा हलत नव्हता, कारण प्रश्न राहिला होता. विचारणारीच घोड्यावर बसली होती. शेवटी दत्तोबाच, माईक तोंडाशी धरून, वर्षानुवर्षं ऐकलेल्या अक्काच्याच चालीत म्हणाले, "कुटं चाललीस, अक्का?"

भोंग्यांतून तो प्रश्न पार कुंपणाच्या पलीकडच्या टॉवरपर्यंत गेला.

अक्काने देऊळ बघितलं, पिंपळ बघितला, दिवे लावलेला ड्रॅगन बघितला.

"कुटं बी न्हाई," ती म्हणाली. "हितंच."

"रेटा!" कोणीतरी ओरडलं. जावयांनी दांड्या धरल्या. पुढे होता शालनचा नवरा, नवीन, उत्साही. समोर देऊळ दिसत होतं. देवाच्या दारात कुठल्या अंगाने फिरायचं असतं, हे त्याला घरच्यांनी लहानपणीच शिकवलेलं. त्याने जोर लावला तो प्रदक्षिणेच्या दिशेने. खांब कुरकुरला, घोडे हलले, आणि सगुणाक्का 'अध्यक्षा'वर बसून मागे मागे जाऊ लागली.

नव्या जावयाला आमच्याकडे पहिलं वर्षभर अरे म्हणत नाहीत. बसायला पाट, हातावर पाणी, बोलणं मोजून. दत्तोबा तर रीतभातीचे पक्के. पण माईक त्यांच्या तोंडाशी होता, भोंगे चालू होते, सगळी जत्रा ऐकत होती, आणि अध्यक्ष किंचाळले:

"अरे ए गाढवा, उलटं! उलटं फिरीव, उलटं!"